युआन-टी : साप-माणसाचा डाव मांडायचा कसा, मोडायचा कसा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळात साप आणि माणूस यांची सरमिसळ असलेले जीव चिक्कार आहेत. मेडुसाच्या डोक्यावर केसांऐवजी साप असतात, सहा हातांच्या मॅरिलिथचं कमरेखालचं धड सापाचं असतं. पण ज्यांचा अख्खा समाजच साप-माणसांचा आहे, ज्यांची देवळं, हेर, पुजारी आणि आपापसातलं राजकारणही आहे, ते म्हणजे युआन-टी. टेबलावर सगळ्यात जास्त वाया जाणारा शत्रूही बहुधा हाच. डीएम (खेळ चालवणारा) देवळाचं दार उघडतो, आत चार सर्पमुखी पहारेकरी तलवारी घेऊन उभे असतात, पार्टी (खेळाडूंची टोळी) धावून जाते, तीन राउंडमध्ये खेळ खलास. अशा वेळी युआन-टी आणि हिरवे रंगवलेले डाकू यांच्यात काही फरक उरत नाही.

युआन-टीची ताकद तलवारीत नाहीच. ती आहे ओळख लपवण्यात, एकेकाला बाजूला काढण्यात, जादू पचवण्यात आणि विषात. या चार गोष्टी ज्या क्रमाने वापराव्यात तो क्रम लक्षात आला की मधल्या लेव्हलच्या पार्टीलाही हा शत्रू जड जातो. क्रम चुकला की तोच शत्रू फुसका.

पुढचे सगळे आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांप्रमाणे आहेत, कारण अजून बरीच टेबलं त्यावरच चालतात. २०२५च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये प्युअरब्लडचं नाव इन्फिल्ट्रेटर झालं आणि आकडेही बदलले. डावपेच मात्र जवळपास तेच राहतात.

आले कुठून

युआन-टी पहिल्यांदा आले १९८१मध्ये, डेव्हिड कुक यांनी लिहिलेल्या, जंगलातल्या एका हरवलेल्या शहराच्या साहसकथेत. (अबोलेथ हा पाण्यातला, मन ताब्यात घेणारा अवतारही त्याच पुस्तकातला. एकाच छोट्या पुस्तकातून असे दोन शत्रू मिळणं म्हणजे चांगलंच पीक.) त्यांचा उगम दोन प्रकारे सांगितला जातो. मूळ नियमपुस्तकानुसार हे एकेकाळी माणसंच होती. सर्पदेवांच्या नादी लागून त्यांनी नरबळी दिले, माणसाचं मांस खाल्लं, सापांच्या खड्ड्यात विधी केले आणि पिढ्यान्‌पिढ्या शरीर बदलत गेलं. फर्गॉटन रेल्म्स या खेळातल्या काल्पनिक जगाच्या जुन्या पुस्तकांत मात्र सारुख नावाच्या प्राचीन सरपटणाऱ्या वंशाने माणूस आणि साप मिसळून त्यांना घडवलं, असं येतं. त्याच जगात विल्हन रीचमधलं ह्लोंडेथ हे सर्पांचं शहर म्हणून ओळखलं जातं, आणि २०१७च्या एका मोठ्या कॅम्पेनमध्ये (सलग चालणाऱ्या साहसकथेत) चल्टच्या जंगलातलं ओमू शहर युआन-टींच्या ताब्यात असतं.

दोन्हींपैकी कुठलाही उगम घ्या, पण एकच घ्या. आपण स्वतःहून असे झालो, असं मानणारा युआन-टी माणसांकडे ‘मागे राहिलेले’ म्हणून बघतो. आपल्याला कुणी तरी घडवलं, असं मानणारा आपल्या निर्मात्याच्या जागेवर डोळा ठेवून असतो. दोघांचं बोलणं, दोघांची हाव वेगळी.

इथे मराठी टेबलावर हमखास होणारा एक घोळ. आपल्याकडे साप म्हटलं की नागोबा, नागपंचमी, वारुळाला वाहिलेल्या लाह्या. त्यामुळे खेळाडू युआन-टीला देवाचा राखणदार समजून हात जोडायला जातात. खेळात त्या जागेच्या जवळ जाणारा जीव म्हणजे गार्डियन नागा, आणि तो युआन-टीचा जुना वैरी आहे. नागा मेला तरी पुन्हा जिवंत होतो. हे थांबवण्यासाठी युआन-टींनी एक विधी शोधला आणि नागाचं हाडांच्या गुलामात, म्हणजे बोन नागामध्ये रूपांतर केलं. पार्टीला मित्र हवा असेल तर देवळाच्या तळघरात असा एखादा नागा कैदेत ठेवा. युआन-टीकडून दयेची अपेक्षा नको.

कोण कुठल्या पायरीवर

शरीरात साप जितका जास्त तितका मान जास्त. सगळी समाजव्यवस्था या एका नियमावर उभी आहे.

सगळ्यात खाली प्युअरब्लड. दिसायला माणूसच, पण कुठे तरी खूण राहून जाते : दुभंगलेली जीभ, उभ्या बाहुल्यांचे डोळे, मानेमागे खवल्यांचा पट्टा. गळाबंद अंगरखा आणि थोडी सावली मिळाली की झाकून जातं. चॅलेंज रेटिंग (शत्रू किती जड त्याचा आकडा) १, आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) ११, हिट पॉइंट (सोसता येणारी जखम) ४०. डिसेप्शन (फसवण्याचं कसब) +६ आहे, आणि त्याची खरी कमाई तीच.

मधली पायरी मॅलिसन. यात तीन घडणी आहेत. पहिलीत माणसाच्या धडावर सापाचं डोकं, दुसरीत हातांच्या जागी दोन साप, तिसरीत कमरेखाली सगळा साप. रेटिंग ३, आर्मर क्लास १२, हिट पॉइंट ६६. प्युअरब्लडला जे जमत नाही ते याला जमतं : पूर्ण सापाचं रूप घेणं.

वर अबोमिनेशन. प्रचंड साप, फक्त हात माणसाचे. रेटिंग ७, आर्मर क्लास १५, हिट पॉइंट १२७, नकाशावर दोन बाय दोन चौकटी. देवळाचा कारभार यांच्या हाती. त्याही वर सहा डोक्यांचा अनाथेमा आहे, रेटिंग १२; तो कॅम्पेनच्या शेवटासाठी राखून ठेवा, मधेच खर्चू नका. आणि या सगळ्या उतरंडीच्या बाहेर ब्रूडगार्ड असतात : कैद्यांना काढा पाजून पाजून बनवलेले, मती गेलेले गुलाम. हरवलेल्या गावकऱ्याचा शोध घेत पार्टी आली असेल, तर तो गावकरी समोर ब्रूडगार्ड होऊन उभा राहणं हा फार जुना पण अजूनही लागू पडणारा धक्का आहे.

वर्गातला एक फरक खेळाडूंनी पाठ करावा. प्युअरब्लड नियमांच्या भाषेत ‘ह्युमनॉइड’ आहे, मॅलिसन आणि अबोमिनेशन ‘मॉन्स्ट्रॉसिटी’. होल्ड पर्सन (जखडणारा) आणि चार्म पर्सन (मोहवणारा) हे स्पेल, म्हणजे मंत्र, फक्त ह्युमनॉइडवर चालतात. म्हणजे मॅलिसनवर होल्ड पर्सन टाकलं की स्लॉट (स्पेल टाकण्याची मोजकी संधी) फुकट गेला. तिथे होल्ड मॉन्स्टर लागतं.

बाण, विष आणि उतारा

प्युअरब्लडला रेटिंग १ बघून हलक्यात घेणारे खूप. त्याच्या शॉर्टबोचा बाण लागला की १डी६+१ (सहा बाजूंचा एक फासा अधिक १) जखम, वर २डी६ विष. सरासरी ४ अधिक ७, एकूण ११. एका टर्नमध्ये तो एकच बाण मारतो; दोन हल्ले फक्त जवळून, तलवारीने. तिसऱ्या लेव्हलचा विझार्ड (जादूगार), कॉन्स्टिट्यूशन (अंगातला दम) १४ : हिट पॉइंट २०. दोन टर्नमध्ये दोन बाण लागले की सरासरी २२. संपला.

दिलासा एवढाच की त्याचा नेम फक्त +३ आहे. विझार्डने मेज आर्मर (अंगाभोवती कवच देणारा स्पेल) घेतलं असेल आणि आर्मर क्लास १५ असेल, तर बाण लागायला डी२०वर (वीस बाजूंच्या फाशावर) १२ किंवा जास्त हवं, म्हणजे ४५ टक्के. मेज आर्मर विसरलेल्या विझार्डचा आर्मर क्लास १२ असतो, तिथे ६० टक्के. सकाळी पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट वाचवायला जाणारे संध्याकाळी डेथ सेव्ह (मरणाच्या दारातली फेक) टाकत बसतात ते यामुळे.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. युआन-टीच्या प्रदेशात जायचं ठरलं की पार्टी बाजारात जाऊन ५० सोन्याच्या नाण्यांना एक या भावाने अँटिटॉक्सिन घेते. अँटिटॉक्सिन काय देतं? तासभर विषाविरुद्धच्या सेव्हवर (परिणाम टाळण्याच्या फेकीवर) अॅडव्हान्टेज, म्हणजे दोन डी२० टाकून मोठा आकडा घ्यायचा. पण युआन-टीच्या बाणाला आणि दंशाला सेव्हच नाही. लागला की विषाची जखम थेट बसते. त्यामुळे चार बाटल्यांचे २०० गोल्ड जवळपास पाण्यात. बाटली कामी येते ती प्युअरब्लडच्या पॉयझन स्प्रेपुरती, आणि तो तर फक्त १० फुटांवर चालतो.

उपयोगी पडतं ते रेझिस्टन्स, म्हणजे विषाची जखम निम्मी होणं. ड्वार्फला ते जन्मतः मिळतं, म्हणून पुढच्या रांगेत ड्वार्फ ठेवा. बाकीच्यांसाठी दुसऱ्या लेव्हलचं प्रोटेक्शन फ्रॉम पॉयझन : एक तास चालतं, कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायची एकाग्रता) लागत नाही, म्हणून एकच क्लेरिक (पार्टीतला पुजारी) दोघांवरही टाकू शकतो. उलट बाजूने युआन-टीला विष लागतच नाही. स्टिंकिंग क्लाउड, क्लाउडकिल, पॉयझन स्प्रे सगळं वाया. डीएमने याचा फायदा घ्यावा : लढाईची खोली मंद विषारी धुराने भरून ठेवा, पार्टी खोकत राहील आणि यजमान निवांत उभे राहतील.

(खऱ्या सापांत विळखा घालून मारणारा अजगर बिनविषारी, आणि विषारी नाग, मण्यार, घोणस, फुरसे विळख्याच्या भानगडीत पडत नाहीत. युआन-टी दोन्ही करतो. खेळ बनवणाऱ्यांना प्राणिशास्त्राशी फारसं देणंघेणं नव्हतं हे उघड आहे.)

जादू का घसरते

तिन्ही पायऱ्यांवर मॅजिक रेझिस्टन्स आहे : स्पेलविरुद्धच्या प्रत्येक सेव्हवर अॅडव्हान्टेज. डीएमच सगळ्यात जास्त वेळा विसरतो ती हीच ओळ.

हिशोब बघा. पाचव्या लेव्हलचा विझार्ड, सेव्ह डीसी (सेव्ह होण्यासाठी गाठावा लागणारा आकडा) १५. मॅलिसनचा विस्डम सेव्ह +१. साध्या फेकीत तो ६५ टक्के वेळा फसला असता. अॅडव्हान्टेजने दोन्ही फासे १३ किंवा कमी पडायला हवेत, म्हणजे ०.६५ गुणिले ०.६५, साधारण ४२ टक्के. दहापैकी सहा वेळा स्पेल वाया. फायरबॉल टाकलं तर निदान निम्मी जखम होते, पण ‘सेव्ह झाला तर काहीच नाही’ छापाचे स्पेल युआन-टीसमोर काढूच नयेत.

वाट दोन बाजूंनी निघते. एक, जिथे सेव्ह नसून अॅटॅक रोल आहे असे स्पेल : एल्ड्रिच ब्लास्ट, गाइडिंग बोल्ट, स्कॉर्चिंग रे. मॅलिसनचा आर्मर क्लास १२च आहे, सहज लागतात. दुसरी वाट ड्रुइडकडे (निसर्गाच्या पुजाऱ्याकडे) : मूनबीम, म्हणजे चांदण्याचा झोत. यात रूप बदलणाऱ्या जिवाला सेव्हवर डिसअॅडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा) असतो. मॅलिसन आणि अबोमिनेशन दोघेही शेपचेंजर आहेत, त्यामुळे त्यांचा अॅडव्हान्टेज आणि हा डिसअॅडव्हान्टेज एकमेकांना खाऊन टाकतात आणि साधा एकच फासा उरतो. शिवाय सेव्ह चुकला की सापाचं रूप गळून पडतं आणि झोतात असेपर्यंत पुन्हा घेता येत नाही. प्युअरब्लड शेपचेंजर नाही, त्याच्यावर ही युक्ती नको.

सजेशन : खरा दात हा

प्युअरब्लड आणि मॅलिसन, दोघांकडे दिवसातून तीनदा सजेशन आहे. विस्डम सेव्ह चुकला की ३० फुटांतला माणूस सांगितलेलं काम करायला निघतो, आठ तासांपर्यंत. प्युअरब्लडचा डीसी १२, मॅलिसनचा १३. विस्डम १० असलेला फायटर प्युअरब्लडपुढे ५५ टक्के वेळा फसतो. एल्फला मोहिनीविरुद्ध अॅडव्हान्टेज असल्यामुळे तेच प्रमाण ३० टक्क्यांवर येतं.

डीएम इथे तीन ठिकाणी चुकतो.

पहिली चूक वाक्याची. ‘तुझ्या मित्राला भोसक’ असं सांगितलं की खेळाडू वाद घालतो, आणि त्याचं बरोबर असतं, कारण सूचना पटण्यासारखी असावी लागते, आणि स्वतःला उघड इजा होईल असं काम सांगितलं तर स्पेल तिथेच संपतो. शहाणा युआन-टी असं काही बोलतच नाही. तो म्हणतो, ‘मागच्या दाराशी कुणी तरी घुटमळतंय. तिथे जाऊन पहारा दे, कुणालाही आत सोडू नकोस.’ फायटरला हे पटतं. तो जातो. पार्टीतली निम्मी ताकद एका वाक्यात खोलीबाहेर. किंवा क्लेरिकला, ‘ही मूर्ती विटाळलेली आहे, नदीवर नेऊन धुऊन आण.’ सभ्य, वाजवी, आणि घातक.

दुसरी चूक गुपचूपपणाची. जन्मजात स्पेल असल्याने युआन-टीला साहित्य लागत नाही, पण मंत्र तोंडाने म्हणावा लागतोच. (गंमत म्हणजे इतरांना सजेशनसाठी जे साहित्य लागतं त्यात सापाची जीभ आहे. याच्या तोंडात ती आधीच असते.) जेवणाच्या पंगतीत सगळ्यांदेखत मंत्र पुटपुटला तर जादूगाराच्या लक्षात येणारच. म्हणून सावज एकटं गाठावं : घोडे बांधायला गेलेला, रात्रीच्या पहाऱ्यावर बसलेला, यजमानाबरोबर तळघरातली दारू बघायला गेलेला.

तिसरी चूक कॉन्सन्ट्रेशनची. एक युआन-टी एका वेळी एकच सजेशन टिकवू शकतो. तीन जणांना वश करायचं तर तीन युआन-टी हवेत. त्याला जखम झाली की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी १० किंवा जखमेच्या निम्मा, जो जास्त तो. हा सेव्ह स्पेलविरुद्ध नसून एकाग्रता टिकवण्यासाठी असतो, म्हणून मॅजिक रेझिस्टन्स इथे मदत करत नाही. प्युअरब्लडला कॉन्स्टिट्यूशनचा बोनस शून्य आहे. छोट्या जखमेवरही ४५ टक्के वेळा पकड सुटते. आणि युआन-टीच्या साथीदाराने त्या वश झालेल्या माणसावरच वार केला तर स्पेल लगेच संपतो. पार्टीतल्या मित्राने थोबाडीत मारून काही होत नाही, उगाच हिट पॉइंट जातात. पाचव्या लेव्हलपासून डिस्पेल मॅजिक मिळतं. तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने टाकलं की फासा न टाकता सजेशन उतरतं.

टेबलावरच्या शिष्टाचाराची एक गोष्ट. सजेशन लागलेल्या खेळाडूच्या हातातून त्याचं कॅरेक्टर काढून घेऊ नका. चिठ्ठीवर ते वाक्य लिहून द्या आणि त्यालाच खेळू द्या. बहुतेक खेळाडू डीएमपेक्षा जास्त इमानाने स्वतःच्याच पार्टीची वाट लावतात.

विळखा आणि टाकलेले कपडे

तिसऱ्या घडणीचा मॅलिसन आणि अबोमिनेशन विळखा घालतात. लागला की जखम होतेच, शिवाय सावज रिस्ट्रेन्ड होतं : वेग शून्य, त्याच्यावरच्या हल्ल्यांना अॅडव्हान्टेज, त्याच्या हल्ल्यांना डिसअॅडव्हान्टेज, डेक्स्टेरिटी सेव्हलाही डिसअॅडव्हान्टेज. म्हणून टर्नमध्ये विळख्याचा हल्ला सर्वांत आधी टाका. तो बसला की उरलेले हल्ले अॅडव्हान्टेजने होतात. तलवार आधी आणि विळखा शेवटी टाकणारा डीएम त्या टर्नपुरता स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतो.

अबोमिनेशनच्या टर्नमध्ये तीन हल्ले. विळखा सरासरी ११, दंश ७ अधिक १० विष, तलवार ११. तिन्ही लागले तर ३९. कॉन्स्टिट्यूशन १४चा पाचव्या लेव्हलचा विझार्ड ३२वर असतो. त्याआधीच्या टर्नमध्ये अबोमिनेशनने दिवसातून एकदा मिळणारं फिअर वापरलं असेल, तर सेव्ह चुकलेल्या फायटरच्या हातातली तलवार जमिनीवर पडलेली असते आणि तो दाराकडे पळत असतो.

विळख्यातून सुटायला एक अॅक्शन आणि डीसी १४, अॅथलेटिक्स किंवा अॅक्रोबॅटिक्स, खेळाडूच्या मर्जीने. स्ट्रेंथ ८ आणि डेक्स्टेरिटी १४ असलेला विझार्ड अॅथलेटिक्स टाकतो तेव्हा ३० टक्के, अॅक्रोबॅटिक्स टाकतो तेव्हा ४५ टक्के. तरी लोक सवयीने अॅथलेटिक्सचा फासा उचलतात. त्याहून बरं म्हणजे मिस्टी स्टेप, क्षणात दुसरीकडे पोचवणारा स्पेल : बोनस अॅक्शन, फक्त तोंडी मंत्र, हात बांधलेले असले तरी चालतं, फासाही नाही.

रूपबदलाचा नियम तपासकामासाठी सोन्यासारखा आहे. मॅलिसन एक अॅक्शन खर्चून साप होतो, आकडे तेच राहतात, पण अंगावरचं सामान बदलत नाही. कपडे, पट्टा, धनुष्य सगळं तिथेच पडतं. म्हणजे बंद खोलीत खून, खिडकीला बोटभर फट असलेले गज, आणि पलंगाखाली नीट न घडी केलेला एक अंगरखा. खेळाडूंना हा धागा मिळायलाच हवा. दुसरं असं की सापाच्या रूपात मॅलिसन टर्नमध्ये एकच हल्ला करतो आणि हातात धनुष्य नसतं. साप हे रूप शिरण्यासाठी आणि पळण्यासाठी आहे. लढताना त्याला खऱ्या रूपात आणा. मेला तर आहे त्याच रूपात राहतो, त्यामुळे ‘मारलेला साप माणूस झाला’ हे आपल्या सिनेमातलं दृश्य इथे घडत नाही.

एक डाव मांडून बघू

चौथ्या लेव्हलची चार जणांची पार्टी. बंदरातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे जेवायला आली आहे. व्यापारी प्युअरब्लड, आणि माळ्यावर तिसऱ्या घडणीचा एक मॅलिसन.

ताकदीचा हिशोब : या पार्टीसाठी मध्यम लढाई १००० एक्सपीपासून (अनुभवाच्या गुणांपासून), अवघड १५००पासून, जीवघेणी २०००पासून. मॅलिसन ७०० आणि प्युअरब्लड २००, मिळून ९००. शत्रू दोन म्हणून गुणिले दीड, १३५०. मध्यम, अवघडच्या जवळ. इथे अजून एकच प्युअरब्लड वाढवला तर बेरीज ११००, पण शत्रू तीन झाल्याने गुणक दोन होतो आणि आकडा २२००वर, म्हणजे थेट जीवघेण्यात. ‘एकच तर वाढवतोय’ म्हणून अख्खी पार्टी मारणाऱ्या डीएमचं गणित इथेच चुकतं.

जेवणाआधी व्यापारी फायटरला गोदाम दाखवायला नेतो आणि तिथे सजेशन टाकतो : पहाटेपर्यंत या दाराशी उभा राहा, चोरांचा सुळसुळाट आहे. सेव्ह झाला तर फायटरला कळतं की काही तरी गडबड आहे आणि लढाई गोदामातच सुरू होते. त्याची तयारी ठेवा. सेव्ह चुकला तर व्यापारी एकटा परततो. मॅलिसन माळ्यावरून खाली वाकून धनुष्य लावतो : प्रत्येक बाण सरासरी ६ अधिक ७ विष, टर्नमध्ये दोन. पहिलं लक्ष्य क्लेरिक, कारण उठवणारा तोच. पार्टी माळ्याच्या शिडीकडे धावली की जो पहिला वर पोहोचेल त्याला विळखा. शिडी एका वेळी एकालाच चढू देते, हे या खोलीचं खरं शस्त्र.

मॅलिसन २० हिट पॉइंटच्या खाली आला की थांबू नये. धनुष्य टाकायचं, साप व्हायचं, कौलांतून बाहेर. युआन-टी भावनेच्या भरात मरत नाहीत, आणि वाचलेला शत्रू पुढच्या सेशनला चेहरे ओळखून येतो. व्यापाऱ्यालाही शरण येऊ द्या. तो खोटं बोलण्यात तरबेज आहे आणि झोन ऑफ ट्रुथच्या सेव्हवरही त्याला अॅडव्हान्टेज मिळतो. मात्र सेव्ह झाला की नाही हे झोन टाकणाऱ्याला कळतं, तेवढं लक्षात ठेवा.

स्वतःचा सर्पमानव बनवायचा असेल तर

युआन-टी हे नाव आणि त्याचे आकडे खेळ काढणाऱ्या कंपनीने स्वतःकडे राखून ठेवले आहेत. नियमांचा जो भाग जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला, त्यात नागा, मेडुसा, हायड्रा आहेत. युआन-टीचं पान नाही. घरच्या टेबलावर कुणी विचारत नाही, पण मराठीत साहसकथा लिहून ती ऑनलाइन विकायची असेल तर नाव, देव, पायऱ्या सगळं स्वतःचं हवं.

आकड्यांची सोय खुल्या भागातूनच होते. हेरासाठी ‘स्पाय’ घ्या : रेटिंग १, हिट पॉइंट २७. पुजाऱ्यासाठी ‘कल्ट फॅनॅटिक’ : रेटिंग २, हिट पॉइंट ३३, त्याच्याकडे होल्ड पर्सन आहे, त्या जागी सजेशन ठेवा. दोघांना विषाची इम्युनिटी द्या. तिने रेटिंग जवळपास हलत नाही. मॅजिक रेझिस्टन्स दिलंत तर हिशोबात आर्मर क्लास २ने वाढलेला धरा, विळखा दिलात तर १ने. आर्मर क्लास आधीच जास्त असलेल्या जिवावर हे दोन्ही लादू नका, नाहीतर त्याला ना बाण लागतो ना जादू. शस्त्राला विष जोडताना पहिल्या ते चौथ्या लेव्हलसाठी २डी६ पुरे, आणि पार्टीत ड्वार्फ नसेल तर तेही १डी६वर आणा. रूपबदल हवा असेल तर ‘सामान बदलत नाही’ ही अट काढू नका. ती गेली की पार्टीला तपासाचा एकही धागा उरत नाही.